एकलहऱ्याच्या पोरानं गाळलेला आकडा

खैरनार सरांना विचारावं आणि उत्तर मिळू नये, असं नाशिकरोडला कधी झालं नव्हतं. बिटको चौकातून आत वळलं की झेरॉक्सच्या दुकानाच्या वर त्यांचा कॉम्प्युटर क्लास. चौदा वर्षं तो चालला होता तो शिकवण्यापेक्षा सरांच्या उत्तरांवर. दर शनिवारी शेवटचा अर्धा तास शंकापेटीचा. शंकापेटी म्हणजे बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, झाकणाला चीर पाडलेला. पोरांनी आठवडाभर त्यात चिठ्ठ्या टाकायच्या आणि सरांनी शनिवारी एकेक उघडून, मोठ्यानं वाचून, उभ्या उभ्या उत्तर द्यायचं. एकही चिठ्ठी बिनउत्तराची परत गेली नव्हती. सरांची बायको मात्र त्यांना काही विचारायला बिचकायची. मिक्सर का बंद पडला म्हणून विचारलं, तर माणूस विजेच्या मोटरच्या शोधापासून सुरुवात करायचा आणि मिक्सर शेवटी बाहेर दुरुस्तीलाच जायचा.

जूनमधल्या एका शनिवारी डब्यातून एक चिठ्ठी निघाली. सृष्टी धात्रकचं अक्षर. सृष्टी एकलहऱ्याची, बारावी होऊन क्लासला आलेली, पहिल्या बाकावर बसणारी, वहीला कव्हर घालणारी. जगातले निम्मे कॉम्प्युटर ज्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालतात तिच्याबद्दल तिनं विचारलं होतं. 'आठ नंबरच्या नंतर कंपनीनं एकदम दहा नंबर काढला. मग नऊ कुठे गेला? आणि आता अकराच्या नंतर बारा येणार की तोही गाळणार?'

खरं सांगायचं तर या प्रश्नाला उत्तर नव्हतं. कंपनी त्या वेळी काहीतरी गोलगोल बोलली होती आणि बाकीचं लोकांनी आपापल्या डोक्यानं भरलं होतं. कुणी म्हणत होतं जुने प्रोग्रॅम त्या आकड्यानं गोंधळले असते, कुणी म्हणत होतं नऊ काही देशांत अशुभ, कुणी म्हणत होतं नुसता मोठेपणा. सरांनी हे सगळं वाचलेलं होतं. 'नक्की कुणालाच ठाऊक नाही' एवढं म्हटलं असतं तर पोरांनी ते लिहून घेतलं असतं आणि पुढची चिठ्ठी निघाली असती.

पण समोर सव्वीस चेहरे होते. सामनगाव, चेहेडी, एकलहरे. बापांचे कामाचे हात आणि पोरांचे इस्त्रीचे शर्ट. ते असे काही टक लावून बघत होते की सरांच्या जिभेला पाणी सुटलं.

"नऊ कुठं गेला?" सर म्हणाले. "तो आपल्याच पोरानं गाळायला लावलाय!"

मागच्या बाकावरचे दोघं उठून उभे राहिले.

"आपला दीपक. याच बाकावर बसायचा. एकलहऱ्याचा. आज हैदराबादला त्या कंपनीच्या टेस्टिंगमध्ये आहे. नऊ नंबर तयार होता. पेट्या छापून झाल्या होत्या. आणि दीपकनं त्यात अशी चूक धरली, अशी चूक धरली, की परदेशातले साहेब म्हणाले, हा आकडाच नको. दहापासून सुरू करा. आणि आता? आता बाराही गाळणार. थेट तेरा. दिवाळीनंतर. परवाच दीपकचा फोन होता."

टाळ्या पडल्या. चौदा वर्षांत शंकापेटीला टाळ्या कधी पडल्या नव्हत्या. एकलहऱ्याच्या पोरानं एवढ्या मोठ्या कंपनीला एक आकडा गिळायला लावला, म्हणजे काय गंमत आहे? पोरं एकमेकांच्या पाठी थोपटू लागली.

सृष्टीनं हात वर केला. "सर, कोणत्या चाळीतला? मी ओळखत असेन."

"तू लहान होतीस," सर लगेच म्हणाले. "त्याच्या वडिलांची बदली झाली कोराडीच्या वीजकेंद्रात. सगळे गेले."

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण या खोट्याला सरांनी तिथल्या तिथं आईबाप, गाव आणि बदलीची ऑर्डरसुद्धा दिली. त्या संध्याकाळी ते शीळ घालत घरी गेले. एखादी थाप मारली तर कुणाचं काय बिघडतं, उलट पोरांना हुरूप येतो, असं त्यांनी स्वतःला सांगितलं आणि ते त्यांना पटलंही. स्वतःची समजूत काढायला माणसाला वेळ लागत नाही.

पुढच्या सोमवारी तबस्सुमनं त्यांना गाठलं. तबस्सुम क्लासची सगळी व्यवस्था बघायची: फी, फॉर्म, परीक्षेच्या तारखा. दहा वर्षांत तिच्या हातून एक फॉर्म इकडचा तिकडे झाला नव्हता.

"सर, पोरं म्हणतायत दीपकचा फोटो भिंतीवर लावा. मी फॉर्म शोधला. सगळी रजिस्टरं काढली. तीन दीपक निघाले. एकाचं पाथर्डी फाट्यावर मेडिकल आहे, एक पोलिसात आहे, आणि एक आठ दिवस येऊन पळून गेला. एकलहऱ्याचा एकपण नाही."

"जुनं रजिस्टर असेल. पावसाळ्यात पाणी आलं होतं, त्यात भिजलं."

तबस्सुमनं त्यांच्याकडे बघितलं. "सर, आपण दुसऱ्या मजल्यावर आहोत."

सर हसले. ती हसली नाही. तिनं रजिस्टर मिटलं, कपाटात ठेवलं, आणि पुन्हा तो विषय काढला नाही. तिनं विचारलं असतं तर सरांनी आणखी एखादी थाप मारून तिला गप्प केलं असतं. पण ती आपणहून गप्प बसली, आणि तेव्हापासून सर तिच्या टेबलासमोरून जाताना उगीच मोबाईल बघू लागले.

इकडे सृष्टीनं मनावर घेतलं होतं. टेस्टिंग म्हणजे काय, ते कसं करतात, हे ती मोबाईलवर बघून शिकू लागली. क्लासच्या कॉम्प्युटरवर बसून एकेक चूक शोधायची, कागदावर लिहायची, आणि तो कागद सरांना दाखवायची. कागद चांगले असायचे. सरांनी एकदा सहज म्हटलं, "दीपकला पाठवतो हे." म्हणायचं म्हणून म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिनं ते सगळं सुवाच्य अक्षरात पुन्हा लिहून आणलं, वर तारीख टाकून. सरांनी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. महिन्याभरात ड्रॉवर बंद होईना.

आणि मग सप्टेंबरातला तो दिवस आला. त्या दिवसाची आठवण आली की सर अजूनही एकटे असले तरी मान खाली घालतात.

सर नव्या प्रवेशाच्या दोन पालकांशी बोलत होते. दोघंही जरा काचकूच करत होते. चौकात दुसरा क्लास निघाला होता, तिथं एसी होता. तेवढ्यात सृष्टी दारात आली, धापा टाकत. शिंदे-पळशाच्या बाजूला एका निर्यातदाराच्या पॅकहाऊसमध्ये तिला कॉम्प्युटर ऑपरेटरची जागा मिळाली होती. द्राक्षांच्या पेट्यांची नोंद करायची. सहा महिन्यांनी पर्मनंट. न्यायला-आणायला गाडी. सोमवारी हजर व्हायचं होतं.

"आबा म्हणाले, सरांना विचारून ये. सर म्हणतील तसं करू."

एक शब्द पुरला असता. 'जा'. सरांच्या ओठांवर तो आलाही होता. पण ते दोन पालक कान टवकारून बसले होते.

"ऑपरेटर?" सर म्हणाले आणि पालकांकडे बघून हसले. "अगं, पेट्या मोजायला शिकवलं का तुला मी? दीपकच्या टीमला तेरा नंबरसाठी दोनशे टेस्टर लागणार आहेत. तुझं नाव मी दिलंय. हैदराबादचं काम आहे हे. जरा धीर धर."

सृष्टीचा चेहरा असा फुलला की त्या दोन पालकांनी तिथंच फॉर्म भरले.

त्यानंतर सरांना काही गोड लागेना. रात्री जेवताना बायकोनं विचारलं, "बरं नाही का?" तर ते म्हणाले, "काही नाही," आणि चौदा वर्षांत पहिल्यांदाच एवढ्या छोट्या उत्तरावर थांबले. रोज वाटायचं, उद्या पोरीला सांगू, अजून जागा भरली नसेल. रोज वाटायचं आणि रोज उद्यावर जायचं. लाज ही अशी वस्तू आहे की ती लपवायची म्हटलं की माणूस आणखी लाजिरवाणं वागतो. सर शनिवारी पुन्हा उभे राहायचे, कुणीतरी विचारायचंच, "सर, दीपकदादा काय म्हणतात?" आणि सर सांगायचे.

दिवाळी गेली. डिसेंबरात बातमी आली. सगळ्या तर्ककुतर्कांवर पाणी फिरवून कंपनीनं जाहीर केलं की इतक्यात नवा नंबर नाही. ना बारा, ना तेरा. आहे त्या सिस्टीमलाच सुधारणा देणार. पोरांनी मोबाईलवर वाचलं. दोघातिघांनी खिदळून घेतलं आणि सोडून दिलं, कारण त्यांनी ती गोष्ट गोष्टीसारखीच ऐकली होती.

सृष्टी मात्र केबिनमध्ये आली. रागावलेली नव्हती. तिला फक्त काळजी वाटत होती, तीही दीपकची.

"सर, दीपकदादांच्या कामावर काही परिणाम नाही ना होणार? मला त्यांचा नंबर द्याल? मी स्वतः बोलते. तुम्हाला किती त्रास द्यायचा."

सरांनी मोबाईल उचलला आणि नावांच्या यादीत एक नाव शोधू लागले जे तिथं नव्हतं. अंगठा वर-खाली फिरत राहिला. आणि सृष्टीनं काय करावं? सरांचा मोबाईल आपल्याला दिसू नये म्हणून तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. आईबापांनी लावलेलं वळण. ती खिडकीबाहेरच्या केबलच्या वायरी बघत उभी राहिली आणि सर तिच्या पाठीकडे बघत बसले. त्यांना त्या क्षणी स्वतःची किळस आली.

"रविवारी तुझ्या घरी येतो," ते कसेबसे म्हणाले. "आबांसमोरच बोलू."

रविवारी सकाळी ते स्कूटर घेऊन एकलहऱ्याला गेले. वीजकेंद्राच्या चिमण्यांच्या दिशेनं, वसाहत मागे टाकून, कंत्राटी कामगारांच्या खोल्यांकडे. वाटेत दोनदा थांबले. दुसऱ्यांदा तर त्यांनी स्कूटर वळवलीही होती. मग समोरून येणाऱ्या ट्रॅक्टरवाल्यानं शिवी हासडली आणि ते पुन्हा वळले.

सृष्टीचा बाप, केरू धात्रक, दारातच उभा होता. कोळशाच्या पट्ट्यावर काम करणारा माणूस, पण आज अंगात लग्नातला शर्ट. घर शेणानं नाही तरी पाण्यानं दोनदा पुसलेलं दिसत होतं. एकुलती एक खुर्ची मधोमध मांडलेली. सर बसले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात केरूनं त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर नवा टॉवेल टाकला, आणि त्याच्या बायकोनं, कुसाबाईनं, हातात नारळ दिला. सर आपल्या पायानं घरी आले, म्हणजे काम झालं, असंच त्या दोघांनी धरलं होतं. सोयऱ्याला करावा तसा मान त्यांनी केला.

"माजी पोर तुमच्यामुळं मान्सात आली सर," कुसाबाई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "मी तर सोमवारी त्र्यंबकला जाऊन नवस बोलून आले."

टोपी जरा मोठी होती, कपाळावर येत होती. ती मागे सारायलाही सरांचा हात उचलेना.

"केरूभाऊ," ते म्हणाले, "दीपक नावाचा कुणी नाही."

केरूला कळलं नाही. "म्हंजी? सोडली नोकरी त्यानं?"

"नाही. तो नव्हताच. मी सांगितलं ते सगळं मनानं रचलेलं होतं. हैदराबादला माझ्या ओळखीचं कुणी नाही. सृष्टीचं नाव मी कुठंच दिलेलं नाही."

केरू सरांकडे बघत होता आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर भीती आली. त्यानं हात जोडले.

"सर, पोरीचं काय चुकलं का? फोन नंबर मागितला तिनं, म्हून राग आला का? मी बोललो व्हतो तिला, सरांच्या मागं लय लागू नको. मोठी मान्सं हायेत, त्यांना कामं असत्यात. चुकलं तिचं. पदरात घ्या सर. काम नका काढून घेऊ."

सरांना वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. आणि तरी, अगदी खोल आत, एक हलकट आवाज बोललाच: घे की माफी. म्हण, 'बरं, बघतो.' टोपी घालून उठ आणि जा. दोन महिन्यांनी सांग, जागा भरल्या. हा माणूस तुझ्यावर कधीच संशय घेणार नाही.

ते गप्प राहिले. किती वेळ, कोण जाणे. फार नसेल. पण सृष्टी बापाच्या मागे उभी राहून त्यांच्याकडे बघत होती आणि तेवढ्या वेळात तिला सगळं कळलं.

"आबा, हात सोडा," ती म्हणाली. "सर खोटं बोलले. पहिल्या दिवसापासून."

केरू गर्रकन वळला. "सृष्टे! सरांना असं बोलती? ज्यांनी तुला शिकवलं त्यांना? पाया पड. पाया पडून माफी माग आधी!"

सृष्टी हलली नाही. ती सरांकडेच बघत होती. सर आपल्याला पाया पडू देतात का, हे ती बघत होती, आणि सरांना ते समजलं.

"नको," सर उठून म्हणाले. "ती बरोबर बोलतेय. मी कुणावर रागावलेलो नाही. मी खोटं बोललो, केरूभाऊ. पोरांनी टाळ्या वाजवल्या म्हणून बोललो. मग पॅकहाऊसच्या जागेच्या वेळी दोन गिऱ्हाइकं समोर बसली होती, त्यांच्यापुढे तोरा मिरवायला पुन्हा बोललो. तुमच्या पोरीची नोकरी माझ्यामुळं गेली."

केरूचे जोडलेले हात हळूहळू खाली आले. कुसाबाई चहाची कपबशी धरून होती, ती तशीच धरून राहिली.

"तिथं माझ्या जागी सामनगावची मनाली लागली," सृष्टी म्हणाली. तिचा आवाज शांत होता, शंकापेटीत चिठ्ठी टाकणाऱ्या मुलीचा नव्हता. "मार्चमध्ये ती पर्मनंट होईल. आणि माझे ते कागद? टेस्टिंगचे?"

"ड्रॉवरमध्ये आहेत."

"ते परत द्या. तबस्सुममॅडमकडे ठेवा, मी त्यांच्याकडून नेईन." एवढं बोलून ती आत गेली. आत म्हणजे पडद्याच्या पलीकडे. ती रडते आहे हे सगळ्यांनाच ऐकू येत होतं.

सरांनी टोपी आणि टॉवेल काढून घडी केली, नारळावर ठेवली आणि पुढे केली. केरूनं मान हलवली.

"दिलेलं माघारी घेत नाय आमच्यात. चहा घ्या. निवतोय."

सरांनी चहा घेतला. उभ्यानं, तोंड भाजत, एका दमात. आयुष्यात त्यांना कुणाचा चहा इतका जड गेला नव्हता. शिव्या दिल्या असत्या, दोन लगावल्या असत्या, तर त्यांचं ओझं थोडं तरी उतरलं असतं. पण पाहुण्याला रस्त्यापर्यंत पोचवायचं, ही रीत केरूनं त्या दिवशीही मोडली नाही. तो त्यांच्याबरोबर स्कूटरपर्यंत चालत आला. रविवार असल्यानं खोल्यांसमोर माणसं बसलेली होती. दोघातिघांनी सरांच्या हातातला नारळ आणि टॉवेल-टोपी बघून कौतुकानं विचारलं, "झालं का पोरीचं काम?" केरू सगळ्यांना म्हणाला, "बघू."

सरांनी नारळ डिकीत ठेवला. किल्ली लावली.

"सर," केरू म्हणाला. "रागावू नका, येक इचारतो. हे असं तुम्ही समद्यांच्याच पोरांना सांगता, का आमच्यासारख्यांच्याच?"

'सगळ्यांनाच' हे उत्तर जिभेवर तयार होतं. त्यात कमी लाज होती. बोलघेवडा माणूस आहे, कुठंही फेकतो, एवढंच ठरलं असतं.

पण सरांची दुसरी बॅच गंगापूर रोडला होती. मंगळवारी आणि गुरुवारी. तिथल्या पोरांचे बाप इंजिनियर, डॉक्टर, कुणाचा भाऊ अमेरिकेत. जूनमध्ये त्याच आठवड्यात तिथल्या एका पोरानंही हेच विचारलं होतं, नऊ कुठं गेला म्हणून. आणि सर एका सेकंदात म्हणाले होते, "नक्की माहीत नाही रे, कंपनीनं कधी नीट सांगितलंच नाही." किती सहज म्हणाले होते. दीपक तिथं त्यांना आठवला नव्हता. तिथं कुणीतरी घरी जाऊन विचारलं असतं, फोन केला असता, दोन दिवसांत पितळ उघडं पडलं असतं. एकलहऱ्यात कुणी कुणाला विचारणार होतं? हे त्यांनी कधी ठरवून केलं नव्हतं. ठरवावंही लागलं नव्हतं.

सरांनी किल्लीवरचा हात काढला. केरूच्या डोळ्यांकडे बघणं त्यांना जमलं नाही, पण बोलणं जमलं.

"तुमच्यासारख्यांच्याच," ते म्हणाले.

केरूनं मान डोलावली. बराच वेळ तो स्कूटरच्या सीटवरची धूळ तळहातानं पुसत राहिला.

"हां," तो म्हणाला. "मला बी तेच वाटलं."

आणि तो घराकडे वळला.